किसुमूला काय केलंत, मावशी?

केनियात किसुमूच्या बालगृहात राहून परत आल्यापासून आमच्या चर्चच्या मंडळीत जो भेटतो तो हेच विचारतो. शिवणाची मशिनं दुरुस्त केली, असं सांगितलं की चेहरा पडतो. मग दबकत पुढचा प्रश्न येतो, "मुलांबरोबरचे फोटो?" नाहीत. मुलांचे फोटो काढायचे नाहीत आणि नावं कुठे लिहायची नाहीत, हे मी निघतानाच ठरवलं होतं. तेव्हा इथेही ती शोधू नका.

आमचा गट पुण्या-मुंबईच्या मंडळ्यांमधला. बहुतेक तरुण पोरं आणि त्यांच्यात मी, आयटीआयमधून निवृत्त झालेली शिवणकामाची निदेशिका. पिवळ्या तापाची लस, मलेरियाच्या गोळ्या असे सोपस्कार उरकून नैरोबीमार्गे किसुमूला पोचलो. व्हिक्टोरिया सरोवराच्या काठचं हे शहर. 1901 साली युगांडा रेल्वे इथवर आली. तिचे रूळ टाकायला हिंदुस्थानातून तीस हजारांवर मजूर नेले होते. चपाती तिकडेही चपातीच म्हणतात, पण ती जाड, तेल घालून भाजलेली आणि सणासुदीची. रोज मात्र उगाली, म्हणजे मक्याच्या पिठाचा घट्ट गोळा, आणि सोबत सुकुमा विकीची पालेभाजी. मला उगाली आवडली. आमच्या पोरांनी ठेचा लावून खाल्ली.

बालगृह तिथल्याच एका चर्चचं. आम्ही उतरलो आणि मुलं रांगेत उभी राहिली. स्वागतगीत झालं, नाच झाला. गाणं सुरेल होतं, पण येणाऱ्या प्रत्येक गटापुढे त्यांना हेच करावं लागतं हे कळल्यावर मला ते बघवेना. सहाएक वर्षांची एक मुलगी सरळ येऊन माझ्या मांडीवर बसली. गटातल्या मुलींचे डोळे भरून आले. तिथली समाजसेविका बाई मात्र स्पष्ट बोलणारी. म्हणाली, ती सगळ्यांच्याच मांडीवर बसते, आणि माणसं विमानात बसून निघून जातात. घरचं मूल परकं माणूस दिसलं की आईच्या मागे लपतं. या पोरीला मागे लपायला कोणी नव्हतं.

म्हणून मी शिवणाच्या खोलीत शिरले. कोणीकोणी देणगी दिलेली काळी पायमशिनं, आपल्याकडे असतात तशीच. एकाचा पट्टा तुटलेला, एकाच्या बॉबिन केसचा स्क्रू गायब. तिसऱ्याच्या शटलमध्ये कुणीतरी खाण्याचं तेल घातलं होतं. त्यात धाग्याचा भुगा बसून त्याचा डिंक झाला होता, चाक हलेना. सगळं खोलून रॉकेलमध्ये भिजत घातलं, जुन्या टूथब्रशने घासलं, मशीनचं तेल दिलं. दोन मोठ्या मुलींना शेजारी बसवून तेच पुन्हा त्यांच्याकडून खोलून घेतलं. पहिली सरळ टीप पडली तेव्हा त्यातली एक मला म्हणाली, इंडियन सिरियलमधल्या सासवा असं काम करत नाहीत! तिकडे आपल्या मालिका डब होऊन दिसतात.

मशिनं चालू होण्याचं महत्त्व मला नंतर कळलं. केनियात 2003 पासून सरकारी प्राथमिक शाळेत फी नाही, पण गणवेश पालकांनीच घ्यायचा, आणि तो नसला तर मुलाला बऱ्याचदा घरी पाठवतात. मग आम्ही गणवेशच शिवायला घेतले.

त्यातला एक गणवेश घेऊन समाजसेविकेबरोबर किसुमूजवळच्या अहेरोकडे गेले. कानोच्या सपाटीवर हिरवीगार भातखाचरं, अगदी आपल्या मावळातली वाटावीत. न्यांडो नदीला पूर आला की हाच भाग पाण्याखाली जातो. पत्र्याचं छप्पर, मातीच्या भिंती आणि दारात आजी. मुलाचे वडील एचआयव्हीने गेले, त्या भागात तसं घर शोधावं लागत नाही. आई कामाच्या शोधात नैरोबीला. आजीला शाळेचा खर्च झेपेना म्हणून पोरगा बालगृहात, आणि आमच्या माहितीपत्रकात तो 'अनाथ'. आता तो आजीकडे परत आलाय. सरकारच्या योजनेतून अशा घरांना महिना 2,000 शिलिंग मिळतात, म्हणजे आपले तेराशे रुपये धरा.

हे एकाच पोराचं नाही. जगभरच्या बालगृहांतल्या बहुतेक मुलांचे आई किंवा वडील हयात असतात. केनियाने 2017 मध्ये नव्या बालगृहांची नोंदणी थांबवली, आणि 2022 पासून मुलांना कुटुंबात परत पाठवायचं दहा वर्षांचं धोरण आखलंय.

माझी पणजी 1897 च्या दुष्काळात मध्य प्रांतातून आणलेल्या मुलींपैकी, पंडिता रमाबाईंच्या केडगावच्या मुक्ती मिशन आश्रमात वाढलेली. रमाबाईंचे स्वतःचे आईवडीलही दुष्काळातच गेले होते. त्या नसत्या तर मी नसते, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. पण गावाकडे आपलं कोणी उरलं होतं का, हे पणजीला शेवटपर्यंत कळलं नाही. आई सांगायची, ती म्हातारपणीही अनोळखी बायांना गाव विचारायची. त्यामुळे अहेरोच्या त्या आजीपुढे बसले तेव्हा मला मांडीवरच्या मुलीचं नव्हे, पणजीचं आठवत होतं.

पुढच्या वर्षीच्या ट्रिपसाठी पाळकसाहेबांनी सभा बोलावली आहे. मी लिहूनच दिलंय: गट नको. तिकिटांच्या पैशातून गणवेशाचं कापड घ्या, समाजसेविकेच्या पिकीपिकीच्या, म्हणजे मोटरसायकलच्या, पेट्रोलचा खर्च उचला, आणि पाठवायचंच असेल तर मशीन खोलता येणारं एखादं माणूस पाठवा. तरुण मंडळ नाराज आहे, त्यांचे टी-शर्ट छापून झालेत. पट्टे आणि बॉबिन केस मी पुण्याच्या तपकीर गल्लीतून आणून ठेवलेत, ते कुरिअरने जातील.