बावीस वर्षांपूर्वीचा मुका मार

मागच्या पावसाळ्यात एका सकाळी माझ्यासमोर उजव्या मनगटाचा एक्स-रे आला. सोबतच्या चिठ्ठीवर ‘मनगटदुखी, संधिवात?’ एवढेच लिहिले होते. रुग्ण ४३ वर्षांचे गवंडी होते. थापी फिरवताना मनगटातून कळ येत असल्याने ते वर्षभर वेदनाशामक गोळ्यांवर काम रेटत होते. रक्ताच्या तपासण्यांत संधिवाताचे काहीही निघाले नव्हते.

अंगठ्याच्या बाजूचे स्कॅफॉइड नावाचे होडीसारखे छोटे हाड मधोमध दुभंगलेले होते. ताज्या मोडीची रेघ बारीक आणि धारदार दिसते. येथे मात्र दोन्ही तुकड्यांच्या कडा गोलसर, पांढऱ्या आणि टणक झालेल्या होत्या, त्यांच्यामध्ये स्पष्ट फट होती आणि कडेला लहान पोकळ्या पडल्या होत्या. म्हणजे मोड जुनी होती आणि हाड जुळलेच नव्हते. या हाडाला रक्त मुख्यतः बोटांकडच्या टोकातून मिळते. मधे मोड झाली की कोपराकडच्या तुकड्याची उपासमार होते. रेडियसचे, म्हणजे कोपरापासून अंगठ्याच्या बाजूने मनगटापर्यंत येणाऱ्या हाडाचे, टोक अणकुचीदार झाले होते, त्याच्या आणि स्कॅफॉइडच्या मधली जागा उरली नव्हती आणि कॅपिटेट व ल्युनेट ही मनगटातली शेजारची छोटी हाडेही एकमेकांवर घासत होती. बाजूने काढलेल्या फिल्ममध्ये ल्युनेट हाताच्या पाठीकडे कलले होते. रेडियस आणि ल्युनेट यांच्यामधला सांधा मात्र शाबूत होता. संधिवात सहसा तो असा वगळत नाही, म्हणून मी त्यांना आत बोलावले.

“कधी हातावर पडला होतात का?” असे विचारल्यावर ते नाही म्हणाले. शेजारी उभ्या असलेल्या त्यांच्या पत्नी म्हणाल्या, “अहो, लग्नाच्या वर्षी कबड्डीत पडला होता की! फोटोसुद्धा काढला होता.”

दुसऱ्या दिवशी त्यांनी ती बावीस वर्षांपूर्वीची फिल्म ट्रंकेतून शोधून आणली. व्ह्यू बॉक्सवर लावून मी भिंगाने बराच वेळ पाहिली, पण मोडीची रेघ मला कोठेही सापडली नाही. त्या दिवशी मी असतो, तर मीही हाड मोडलेले नाही असेच लिहिले असते, आणि याच गोष्टीने मी अस्वस्थ झालो. समोरून आणि बाजूने अशा दोनच फिल्म होत्या. मनगट करंगळीकडे झुकवून काढायची, स्कॅफॉइड लांबट दाखवणारी फिल्म काढलेलीच नव्हती. मुका मार आहे असे सांगून क्रेप बँडेज बांधले गेले. अंगठ्याच्या मुळाशी असलेल्या खळग्यात दाबून दुखत असेल, तर फिल्म निर्दोष असली तरी प्लास्टर घालून १० ते १४ दिवसांनी पुन्हा एक्स-रे काढायला हवा, कारण तोवर मोडीच्या कडा विरघळून रेघ उमटू शकते. पुन्हा या, असे त्यांना कोणीच सांगितले नव्हते.

अहवालात मी कॅपिटेटच्या झिजलेल्या माथ्याविषयी दोन वाक्ये मुद्दाम वेगळी लिहिली. तो माथा चांगला असता, तर मनगटाच्या हाडांची पहिली ओळ काढून टाकणे हा सोपा पर्याय सर्जनकडे राहिला असता. आता स्कॅफॉइड काढून उरलेल्यांपैकी चार हाडे एकमेकांना जोडण्याचा विचार करावा लागणार होता.

“मग मनगट वाकेल का?” त्यांनी विचारले. मी म्हणालो, “दुखणे बरेच कमी होईल, पण वाकणे साधारण निम्मेच राहील.” त्यांनी आपला चांगला डावा हात टेबलावर ठेवला आणि निम्मे म्हणजे किती, हे मनगट खालीवर करून ते पाहत राहिले.