माणशी पाच लिटर: कालाहारीतल्या एका छावणीचा मुक्काम

कोल्हापुरात पाणी फुटांत मोजले जाते. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगा 39 फुटांवर गेली की इशारा आणि 43 फुटांवर गेली की धोका, हे इथल्या शाळकरी मुलांनाही पाठ असते. 2019 आणि 2021 च्या महापुरांनंतर तर जुलै उजाडला की घरोघरी आधी तोच आकडा विचारला जातो. अशा गावातून आम्ही नवराबायको ऐन जुलैमध्ये कालाहारी वाळवंटात राहायला गेलो. माझा मावसभाऊ नोकरीनिमित्त जोहान्सबर्गला असतो. तो आणि वहिनी सोबत होते, आणि सगळी आखणी त्यांचीच होती.

आम्ही गेलो ते क्गालागाडी ट्रान्सफ्रंटियर पार्क दक्षिण आफ्रिका आणि बोट्स्वाना या दोन देशांत मिळून पसरलेले आहे. दक्षिण आफ्रिकेकडचे उद्यान 1931 चे, बोट्स्वानाकडचे 1938 चे, आणि 2000 साली दोन्ही अधिकृतपणे एक झाली. एकूण क्षेत्र सुमारे 38,000 चौरस किलोमीटर असून त्याचा मोठा भाग बोट्स्वानात आहे. दोन्ही देशांची सीमा नोसोब नदीच्या कोरड्या पात्रातून जाते आणि तिथे कुंपण नसल्यामुळे जनावरे मनाला येईल तशी इकडून तिकडे जातात. नदी म्हणायचे ते केवळ पात्राच्या आकारामुळे. तिला पाणी येण्याचे प्रसंग दशकानुदशके लांबतात.

उद्यानात त्वी रिव्हिएरेन, माता-माता आणि नोसोब ही तीन मोठी मुक्कामाची ठिकाणे आहेत. तिथे दुकान आणि पेट्रोल मिळते. त्यांखेरीज दूरवर विखुरलेल्या, चार-दोन खोल्यांच्या आणि कुंपण नसलेल्या छावण्या आहेत. त्यांपैकी ग्रूटकोल्क आम्ही निवडली. ती नोसोबच्या मुक्कामापासून उत्तरेला शंभरेक किलोमीटरवर आहे आणि तिथून पुढे थोड्याच अंतरावर दक्षिण आफ्रिका, बोट्स्वाना आणि नामिबिया या तीन देशांच्या सीमा एकमेकींना मिळतात. वाळूची पोती आणि कॅनव्हास यांनी बांधलेल्या, प्रत्येकी दोन माणसांच्या चारच खोल्या. सौर दिवे, गॅसची शेगडी, गॅसवर चालणारा फ्रीज, भांडीकुंडी आणि एक रक्षक एवढी सोय. जेवण मिळत नाही, दुकान नाही, मोबाइलला रेंज नाही. पिण्याचे पाणी आणि जळण आपण घेऊन जायचे.

ही व्यवस्था ऐकल्यावर घरच्यांचा पहिला प्रश्न होता की, एवढा पैसा खर्चून तिथे जाऊन पुन्हा स्वयंपाकच करायचा का? मला आता वाटते की त्या मुक्कामाचे सगळे मोल त्या स्वयंपाकातच आहे. जिथे आयते ताट समोर येते तिथे वाळवंट हे खिडकीबाहेरचे दृश्य राहते. जिथे प्रत्येक घोट आपण वाहून आणलेला असतो तिथे त्या वाळवंटाचा नियम आपल्यालाही लागू होतो.

सामान भरले ते अपिंग्टनला. ऑरेंज नदीच्या काठचे हे गाव, पाटाच्या पाण्यावरचे द्राक्षमळे आणि बेदाण्यांचा व्यापार यांमुळे मला थेट तासगावची आठवण झाली. तिथून उद्यानाचे प्रवेशद्वार सुमारे 250 किलोमीटरवर आहे आणि मधल्या वाटेत भरवशाने मोठी खरेदी करावी असे ठिकाण नाही. कांदे, बटाटे, तांदूळ, अंडी आणि मेंढीचे मटण घेतले. बोकडाचे मिळाले नाही. घरची कांदा-लसूण चटणी आणि भाजणी वहिनींकडे होतीच. पाण्याचा हिशेब माणशी दिवसाला पाच लिटर असा धरला आणि त्यावर एक पूर्ण कॅन वेगळा ठेवला. "ह्या कॅनला हात लावायचा नाही. नोसोबला परत पोहोचेपर्यंत तो असाच राहणार," असे दादाने बजावले. गाडी वाळूत अडकली तर मदत यायला किती वेळ लागेल हे सांगता येत नाही, म्हणून ही शिस्त.

प्रवेशद्वारावर परवाना घेतला की टायरमधली हवा कमी करायची, म्हणजे टायर पसरट होऊन वाळूवर टिकतो. वेगाची मर्यादा ताशी 50 किलोमीटर, सूर्यास्ताच्या आत मुक्कामी पोहोचणे सक्तीचे आणि ठरवून दिलेल्या जागा सोडून कुठेही गाडीबाहेर पाय ठेवायचा नाही. रेंज जाण्याआधी घरी शेवटचा फोन लावला तेव्हा बहिणीने आधी नदीचे फूट सांगितले आणि मग बाकीची खुशाली.

छावणीतल्या नळाला पाणी येते, पण ते खारवट आणि जड. अंघोळीला आणि भांड्यांना ते चालते; पोटात घ्यायला नको. शिरोळकडच्या क्षारपड पट्ट्यात ज्यांनी विहिरीच्या पाण्यावर संसार केला आहे त्यांना ठाऊक असते की अशा पाण्यात तूरडाळ तासन्‌तास शिजत नाही. म्हणून डाळीलाही आमच्या कॅनमधलेच पाणी लागत होते आणि रोजचा बेत पाणी पाहून ठरत होता. थालीपीठ, अंड्याची पोळी, भाजलेले बटाटे यांना पाणी कमी लागते, भाताला जास्त. रस्सा एकदाच करायचा हे आधीच ठरले होते.

रश्शाच्या त्या संध्याकाळी पाच वाजताच चूल पेटवली, कारण अंधार पडल्यावर मोकळ्यावर वावरणे कमीत कमी असावे असे रक्षकाने सांगितले होते. जळण कॅमलथॉर्नचे, नोसोबच्या दुकानातून विकत घेतलेले. उद्यानात काटकी उचलायलाही मनाई आहे आणि ती योग्यच आहे. बाभळीच्या कुळातले हे झाड अतिशय सावकाश वाढते आणि मेल्यावरही त्याचे जड, तांबूस लाकूड कितीतरी वर्षे टिकते. त्याचा निखारा रात्रभर धुगधुगत राहतो. तीन पायांच्या बिडाच्या भांड्यात कांदा परतला, चटणी टाकली, तर्रीचा वास सुटला आणि वहिनींनी कॅनमधले पाणी तांब्याने मोजून ओतले. तो तांब्या पूर्ण रिता होईपर्यंत आम्ही चौघेही त्याच्याकडे पाहत होतो. जेवून उठलो तेव्हा भांडी उघड्यावर ठेवली नाहीत, बूटसुद्धा आत घेतले. कोल्हे आणि तरस यांना दोन्हींचा मोह असतो. रात्री पारा शून्याखाली गेला आणि दूरवरून सिंहाचे गुरगुरणे कितीतरी वेळ ऐकू येत होते. मधे कॅनव्हासची भिंत असताना ते ऐकणे ही भीतीची आणि भाग्याची, दोन्ही गोष्ट आहे.

सकाळी समोरच्या पाणवठ्यावर पाखरांचे थवे उतरले. आपल्याकडच्या माळरानावरच्या पखुर्डीचे हे नातलग, नामाक्वा पखुर्डी. नर पाण्यात पोट टेकवून बसतो, अंग हलवत पिसे भिजवतो आणि ते पाणी कित्येक किलोमीटर दूर असलेल्या पिल्लांपर्यंत घेऊन जातो. त्याच्या पोटाकडच्या पिसांची रचनाच पाणी धरून ठेवणारी असते; पिल्ले ती पिसे चोचीतून ओढून पाणी पितात. हे खरे की लोककथा, यावर पक्षितज्ज्ञांत बराच काळ वाद होता. टॉम केड आणि गॉर्डन मॅक्लीन यांनी कालाहारीत केलेल्या अभ्यासाने 1967 मध्ये तो मिटला. आदल्या संध्याकाळी तांब्या मोजून ओतणाऱ्या वहिनी दुर्बिणीतून हे पाहताना बराच वेळ काहीच बोलल्या नाहीत.

जेम्सबॉक या मोठ्या हरणाची तर पाणवठ्यावाचूनही महिनोन्‌महिने निभावण्याची तयारी असते. त्साम्मा नावाची रानटी कलिंगडे आणि खुरांनी उकरून काढलेले कंद यांतून त्याला ओल मिळते. उन्हाळ्यात त्याचे शरीर तापते, पण मेंदूकडे जाणारे रक्त आधी बारीक धमन्यांच्या जाळ्यातून जाते आणि नाकाकडून परतणाऱ्या थंड रक्तामुळे तिथे निवते. उद्यानातले बरेचसे पाणवठे मात्र माणसाने निर्माण केले आहेत. पहिल्या महायुद्धाच्या आरंभी, 1914 मध्ये, शेजारच्या जर्मन वसाहतीवर, म्हणजे आजच्या नामिबियावर, चढाई करायची म्हणून औब नदीच्या पात्रात विंधनविहिरी खोदल्या गेल्या. सैन्यासाठी शोधलेले ते पाणी पुढे जनावरांच्या कामी आले.

परतीच्या वाटेवर, नोसोबच्या पात्रात, एका खोडाच्या सावलीत चित्ता बसलेला दिसला. कोल्हापूरच्या माणसाला चित्ता परका नाही. पाळलेल्या चित्त्यांकडून काळविटांची शिकार करवण्याचा खेळ आपल्या संस्थानात होता आणि भारतातले चित्ते दुर्मीळ झाल्यावर विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात ते आफ्रिकेतून आणवले जात. डोळ्यांवर टोपी चढवलेला, गाड्यावर बांधलेला चित्ता मी जुन्या छायाचित्रांतच पाहिला होता. मोकळा चित्ता उठला, एकदा आळस दिला आणि बोट्स्वानात निघून गेला.

कुणाला जायचे असेल तर या छावण्यांचे आरक्षण बरेच महिने आधी करावे लागते आणि बारा वर्षांखालील मुलांना तिथे प्रवेश नाही. यांपैकी बिटरपान आणि घाराघाब इथे चारही चाकांना जोर असलेली गाडीच लागते; वयस्कर मंडळी सोबत असतील तर साध्या गाडीने गाठता येणारी किलीक्रांकी बरी. ती प्रवेशद्वारापासून पन्नासेक किलोमीटरवरच, लाल टेकाडावर आहे. वाळूच्या कणांवर लोहाच्या गंजाचा थर असल्यामुळे तो रंग येतो, आणि संध्याकाळी तो सर्वांत गडद दिसतो. छावणी जवळ असो वा दूर, पाणी तेवढेच न्यावे. राखीव कॅन आम्ही नोसोबला पोहोचल्यावरच उघडला आणि पहिला चहा त्यातल्या पाण्याचा केला.