हवेत गोळी झाडली, कुणाला लागली नाही, तरी गुन्हा

"लागली का कुणाला? नाही ना? मग केस कसली?" वरातीत बार काढणाऱ्याच्या बाजूने हा सवाल हमखास येतो. खिशात परवाना असला की आवाज आणखी चढतो.

उत्तर शस्त्र अधिनियम, १९५९ च्या कलम २५(९) मध्ये आहे. हे पोटकलम डिसेंबर २०१९ मध्ये आलं. बंदूक बेदरकारपणे, हयगयीने किंवा जल्लोषात चालवली आणि त्यामुळे दुसऱ्याचा जीव किंवा सुरक्षितता धोक्यात आली, तर दोन वर्षांपर्यंत कैद, एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. कुणी जखमी व्हायलाच हवं अशी अट नाही. जल्लोषाचा गोळीबार म्हणजे काय, हेही तिथेच सांगितलंय: सार्वजनिक मेळावे, धार्मिक स्थळं, लग्नं आणि इतर समारंभ. परवाना असणं हा इथे बचाव नाही.

शस्त्र अधिनियमाखालचे सगळे गुन्हे दखलपात्र आहेत (कलम ३८), त्यामुळे पोलिसांना कोर्टाच्या परवानगीची वाट बघावी लागत नाही. फक्त २५(९) लागलं असेल तर जामीन हक्काने मिळतो. पण ते एकटं क्वचितच लागतं. त्यासोबत भारतीय न्याय संहितेचं कलम १२५ येतं (तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा अडीच हजारांपर्यंत दंड), परवान्याच्या अटी मोडल्या म्हणून शस्त्र अधिनियमाचं कलम ३० येतं (सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन हजारांपर्यंत दंड). महाराष्ट्रात भर पडते ती महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम ३७ खाली निघणाऱ्या, शस्त्र घेऊन फिरण्यावरच्या मनाई आदेशाची. सणासुदीला, निवडणुकीला हे आदेश एकामागून एक निघत असतात. आपल्या हद्दीत आज तो लागू आहे की नाही, हे किती परवानाधारकांना ठाऊक असतं? आदेश मोडला तर कलम १३५ तयारच आहे.

आता वरातीतला दुसरा प्रकार. बंदुकीचा मालक स्वतः झाडत नाही, हौस म्हणून ती नवरदेवाच्या मित्राच्या हातात देतो. मित्राकडे परवाना नाही, म्हणजे विनापरवाना शस्त्र बाळगल्याचं कलम २५(१ब)(अ) त्याच्यावर येऊ शकतं, आणि २०१९ नंतर त्यात किमान शिक्षाच दोन वर्षांची आहे, कमाल पाच. समोरच्याला शस्त्र बाळगण्याचा अधिकार आहे का हे न पाहता ते त्याच्या हवाली केलं, म्हणून मालकावर कलम २९. एका बारासाठी दोन आरोपी.

गोळी लागली की हिशेब बदलतो. साधी दुखापत असेल तर न्याय संहितेचं कलम १२५(अ), सहा महिन्यांपर्यंत. गंभीर दुखापत असेल तर १२५(ब), तीन वर्षांपर्यंत. माणूस दगावला की खरी झुंज सुरू होते ती त्याच संहितेचं कलम १०६ की १०५ यावर. १०६(१) म्हणजे हयगयीने मृत्यू, पाच वर्षांपर्यंत. १०५ म्हणजे सदोष मनुष्यवध. जीव जाऊ शकतो याची जाणीव असताना केलेलं कृत्य असेल तर दहा वर्षांपर्यंत कैद आणि दंड, जामीन हक्काचा नाही, खटला सत्र न्यायालयात. बचाव पक्ष सगळा जोर प्रकरण १०६ मध्ये बसवण्यावर लावतो. युक्तिवाद एकच असतो: "मारायचा हेतू नव्हता." अडचण अशी की १०५ च्या या भागाला हेतू लागतच नाही, जाणीव पुरते. गर्दीत भरलेली बंदूक घेऊन जाणाऱ्याला ती जाणीव नव्हती, हे न्यायाधीशाच्या गळी उतरवणं जवळपास अशक्य.

यावर सर्वोच्च न्यायालयाचा भगवान सिंग विरुद्ध उत्तराखंड राज्य हा मार्च २०२० चा निकाल वाचण्यासारखा आहे. २००७ मधलं लग्न. परवान्याची बंदूक. आरोपीने नळी छताकडे धरून बार काढला, छर्रे आसपासच्या पाच जणांना लागले, दोघे गेले. खालच्या न्यायालयांनी खून ठरवला होता. सर्वोच्च न्यायालयाने खुनाचं कलम काढलं, पण हयगयीवर सोडलं नाही. तेव्हाच्या भारतीय दंड संहितेच्या कलम ३०४ चा दुसरा भाग (आजच्या १०५ मधला जाणिवेचा भाग) लावून दहा वर्षांची सक्तमजुरी दिली. छर्ऱ्याच्या काडतुसातून एकच बार निघाला तरी जवळच्या अनेकांना जखमा होऊ शकतात, हे आरोपीला कळायला हवं होतं, हा त्यातला कळीचा मुद्दा. आणि १०५ ही वरची मर्यादाही नव्हे. कारण नसताना भरलेली तोफ जमावावर डागून एकाला मारणारा खुनी ठरतो, असं उदाहरण कायद्यातच खुनाच्या व्याख्येखाली दिलेलं आहे. नळी माणसांच्या उंचीला होती की वर, यावर बरंच काही फिरतं.

"आकाशाकडे धरली होती" हेही वाटतं तेवढं कामाचं नाही. नाचता नाचता नळी सरळ उभी राहत नाही, तिरकी होते. तिरकी गेलेली गोळी बराच वेग राखून दूर कुठेतरी उतरते. साध्या पॉइंट टू टू रायफलची गोळीसुद्धा दीड किलोमीटरच्या आसपास जाऊ शकते. मांडवाचा लोखंडी खांब किंवा स्लॅब आडवा आला तर ती कुठे वळेल, ते झाडणाऱ्याच्या हातात नसतं.

दुसरा आवडता बचाव म्हणजे अपघात. न्याय संहितेचं कलम १८ अपघाताला माफी देतं, पण कायदेशीर काम, कायदेशीर पद्धतीने, पुरेशी काळजी घेऊन चाललेलं असेल तरच. कायद्यातलं उदाहरण कुऱ्हाडीचं आहे: काम करताना पातं निसटून शेजारच्याला लागलं. जल्लोषाचा बार मुळात कायदेशीर कामच नाही, त्यामुळे पहिल्या पायरीलाच गाडी अडते. घरी साफ करताना सुटलेल्या गोळीला हे कलम मिळू शकतं, पण तिथे प्रश्न येतो की साफसफाईला बसताना चेंबर, म्हणजे नळीच्या बुडाशी काडतूस बसतं ती जागा, रिकामं का केलं नव्हतं. पिस्तुलाचं मॅगझिन काढलं तरी चेंबरमध्ये एक काडतूस राहिलेलं असू शकतं. घरातल्या कितीतरी दुर्घटनांचं मूळ तेवढंच.

"आपोआप सुटली" म्हणणाऱ्याने लक्षात ठेवावं की हत्यार न्यायवैद्यक प्रयोगशाळेत जातं. घोडा ओढायला किती जोर लागतो, सेफ्टी धरते का, धक्क्याने बार होतो का, हे तिथे तपासतात. यंत्रणा ठणठणीत निघाली तर अहवालच आरोपीच्या विरोधात उभा राहतो. जुन्या रिव्हॉल्व्हरमध्ये दोष निघाला, तरी दोष माहीत असून भरून का नेलं, हा प्रश्न उरतो. रिकाम्या काडतुसाच्या बुडावरची फायरिंग पिनची खूण हत्याराशी जुळवली जाते, म्हणून पुंगळ्या उचलून फेकण्यात शहाणपण नाही. उलट पुरावा नष्ट केल्याचं कलम वाढतं. व्हिडिओ तर पाहुण्यांनीच काढलेला असतो.

सगळ्यात आधी जातो तो परवाना. त्यासाठी शिक्षा व्हावी लागत नाही. अट मोडली किंवा सार्वजनिक सुरक्षेला धोका आहे, असं परवाना प्राधिकाऱ्याला, म्हणजे पोलीस आयुक्त किंवा जिल्हाधिकाऱ्यांना वाटलं, तर शस्त्र अधिनियमाच्या कलम १७ खाली परवाना निलंबित किंवा रद्द करता येतो. कारणे दाखवा नोटीस आली तर मुदतीत, मुद्देनिहाय लेखी उत्तर द्या. "चूक झाली, माफ करा" एवढंच लिहून पाठवू नका, कारण तेच पत्र पुढे फौजदारी खटल्यात समोर येऊ शकतं. वकिलाला आधी दाखवा. आदेश विरोधात गेला तर त्याच अधिनियमाच्या कलम १८ खाली अपील.

खटल्यात निर्दोष सुटलात, तरी परवाना आपोआप जिवंत होत नाही, त्यासाठी वेगळा अर्ज लागतो. हत्यार मुद्देमाल म्हणून मालखान्यात असतं, ते कोर्टाच्या आदेशाशिवाय सुटत नाही. तोवर परवाना गेलेला असेल तर सुटलेलं हत्यारही घरी नेता येत नाही. पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करून पावती घ्यावी लागते. आणि न पुसलेली बारा बोअरची बंदूक वर्षानुवर्षं मालखान्यात पडून राहिली की नळीला आतून गंज चढलेला असतो.