आरशासारखी सीट

सरांनी पिशवीतनं सीट काढून टेबलावर ठेवली. ना गादी, ना चामडं, ना स्प्रिंग. नुसतं काळं प्लॅस्टिकचं कवच. मला आधी पोरांच्या सायकलची वाटली. पण ही निघाली इटलीच्या चिनेल्लीची 'युनिकॅनिटर', १९६० च्या दशकात आलेली नायलॉनची सीट. सरांनी जुन्या रेसर सायकलीसाठी खटपट करून मिळवलेली. दोन्ही कडा भिंतीला घासून घासून पांढऱ्या पडलेल्या.

"मिस्त्री, आरशासारखी करून द्या."

उद्यमनगरात माझं बफिंगचं काम, म्हणजे फिरत्या चाकावर धातूला चमक आणायचं. येतं ते सगळं लोखंड नाहीतर ॲल्युमिनियम. आधी एकानं सरांना "स्प्रे मारून देतो" म्हणून सांगितलेलं. नायलॉनला रंग नीट धरत नाही, पापुद्रे सुटतात. एवढं ठाऊक नसताना लोक बोर्ड लावून बसतात!

मोटरला हातच लावला नाही. बफचं चाक जरा एका जागी थांबलं की प्लॅस्टिक तापून ओढलं जातं. बादलीत साबणाचं पाणी घेतलं आणि ४०० नंबरच्या वॉटर पेपरनं सुरुवात केली. पेपरखाली लाकडाचा ठोकळा धरला तर गोलाईवर सपाट डाग पडतात, म्हणून जुन्या स्लीपरचा तुकडा घेतला. मग ६००, ८००, १०००, १५००, २०००. नंबर वाढेल तसा पेपर बारीक. दर नंबराला हात आडवा-उभा बदलायचा. मागच्या नंबरच्या रेघा पुऱ्या गेल्याशिवाय पुढचा पेपर उचलायचा नाही. घाई केली की शेवटी ४०० चीच रेघ हसत वर येते. नायलॉनला घासताना बारीक केस उठतात. ते लांबून, हलत्या हातानं हीट गन फिरवून बसवले. मग ब्रासो पॉलिश आणि जुनी बनियन. दोन दिवस गेले, पण वरची ट्यूबलाइट सीटमध्ये दिसायला लागली. शेजारचा लेथवाला बघायला आला, खोटं कशाला बोलू, मला बरं वाटलं.

रविवारी सर पन्हाळ्याला गेले. सोमवारी सकाळी सीट घेऊन दारात.

"मिस्त्री, चढाला मागं जातोय, उताराला पुढं. बसायचं कसं हिच्यावर?"

मी सीट उलटीपालटी करून बघितली. मागच्या कडेच्या खाली, जिथं पँट कधी घासलीच नव्हती, तिथं जुनी फिनिश शाबूत होती. मंद. बोटाला किंचित धरणारी. पहिल्या दिवशीच तिथं बोट फिरवायला पाहिजे होतं. तेवीस वर्षं बफिंग करतोय, चमक म्हटलं की डोकं चालायचंच बंद होतं. सरांनी आरसा मागितला हे खरं, पण सर शिकवतात केमिस्ट्री. सांगायचं काम माझं होतं.

मग १००० चा पेपर पुन्हा पाण्यात बुडवला. बसायच्या जागेवर हलका, आडवा हात. दहा मिनिटांत दोन दिवसांची चमक बादलीत गेली. कडा तेवढ्या तशाच ठेवल्या. पैसे घेतले नाहीत.

सर गेल्यावर पोरगं म्हणालं, "मालक, आणल्याली तवा बी अशीच व्हती की."

तशी नव्हती. पण त्याला समजावत बसलो नाही. बाहेर सायलेन्सरवाला थांबला होता.