संदुकीतल्या चित्रकार्डांची मागची बाजू

आपल्याकडच्या खेड्यांत जुनी चित्रांची पोस्टकार्डं सापडतात ती माळ्यावरच्या संदुकीत, लग्नपत्रिका आणि शेतसाऱ्याच्या पावत्यांच्या गठ्ठ्यात. काशी, पुरी, रामेश्वर, पचमढी. असे गठ्ठे हाताळताना मी कार्डं चित्राप्रमाणे कधीच लावत नाही. माणूस कधी निघाला आणि कोणत्या वाटेनं गेला, हे मागच्या बाजूवरच कळतं.

गठ्ठा मे महिन्यात सोडू नये. पारा 45 वर गेला की कागद इतका कडक होतो की दुमडलेला कोपरा सरळ करतानाच तुटतो. दिवाळीनंतरचे दिवस बरे. कसर जिवंत दिसली तर कार्डं जाड पिशवीत हवा काढून बंद करायची आणि उणे 18 अंशांच्या डीप फ्रीजरमध्ये दोन आठवडे ठेवायची. मधेच लाइन जाऊन फ्रीजरमधला बर्फ वितळला, तर दिवस पुन्हा पहिल्यापासून मोजावे लागतात. बाहेर काढल्यावर पूर्ण एक दिवस पिशवी उघडायची नाही, नाहीतर थंड कागदावर पाणी धरतं.

उधईची माती सुकीच, मऊ ब्रशनं, मधून कडेकडे झाडावी. ओलं फडकं अजिबात नको. त्या काळी कॉपिंग पेन्सिल सर्रास वापरत. थेंब लागला की अक्षर जांभळं होऊन पसरतं. एकमेकांना चिकटलेली कार्डं ओढली तर एकाचं चित्र आणि दुसऱ्याचा मजकूर, दोन्ही जातात. ती कागद-संवर्धकाकडेच न्यावीत. आणि तिकीट सोडवू नका, हे कळकळीनं सांगतो. तिकिटासोबत अर्धा शिक्का जातो, म्हणजे प्रवासाची तारीखच जाते.

दहा पट भिंगातून चित्र पाहावं. ठिपके दिसले तर छापील, नाहीतर बहुधा खरा फोटो. फोटोच्या काळ्या भागावर निळसर चांदीसारखी चमक असेल तर ती घासू नये. ती फोटोतलीच चांदी वर आलेली असते.

शिक्का पुसट असेल तेव्हा बाकीच्या खुणा कामी येतात. आण्यांचं तिकीट 1957 च्या आधीचं, कारण त्या वर्षी 1 एप्रिलपासून नये पैसे आले. पत्त्यात पिनकोड असेल तर कार्ड 15 ऑगस्ट 1972 नंतरचं. विदर्भाचा पत्ता तर याहून बोलका: ‘सी. पी.’ (सेंट्रल प्रॉव्हिन्सेस, म्हणजे मध्य प्रांत) किंवा ‘बेरार’ (वऱ्हाड) असेल तर बहुधा 1950 पूर्वीचं, मध्य प्रदेश असेल तर 1956 पर्यंतचं, मग मुंबई राज्य, आणि 1 मे 1960 पासून महाराष्ट्र. मात्र जुनी सवय लोकांच्या हातून लवकर सुटत नाही, म्हणून एकाच खुणेवर विसंबू नये. शिक्क्यावर एलिचपूर म्हणजे अचलपूर, येओतमल म्हणजे यवतमाळ.

खरी गंमत शिक्के जुळवण्यात आहे. चित्र पचमढीचं आणि शिक्का पिपरियाचा असेल, तर कार्ड येता-जाता स्टेशनापाशी टाकलेलं असण्याची शक्यता जास्त, कारण पचमढीला जायला तिथंच उतरावं लागतं. इटारसी, जबलपूर, अलाहाबाद असे शिक्के तारखांच्या क्रमानं लागले की नागपूरहून काशीला गेलेली वाट समोर उभी राहते. पोचल्याचा शिक्काही पाहावा; दोन तारखांमधलं अंतर म्हणजे डाकेला लागलेले दिवस. चित्राच्या वयावरून प्रवासाचं वय ठरवू नये, कारण दुकानदार जुना साठा वर्षानुवर्षं विकत.

स्कॅन दोन्ही बाजूंचं, रंगीत, 600 डीपीआयवर, आणि दोन्हींना एकच क्रमांक. लाल तिकिटावरचा काळा शिक्का वाचायचा असेल तर संगणकावर चित्राचा फक्त लाल चॅनल, म्हणजे लाल रंगाचा थर पाहावा. तिकीट फिकं पडतं, शिक्का उठतो. दाबून लिहिलेली पण उडालेली पेन्सिल टॉर्चच्या तिरप्या उजेडात दिसते. मोडीतला मजकूर जाणकाराकडून वाचून घ्यावा.

लॅमिनेशन करू नये, ते परत निघत नाही. पीव्हीसीऐवजी पॉलिएस्टरची पाकिटं घ्यावीत आणि क्रमांक मऊ पेन्सिलनं कोपऱ्यात लिहावा. पेटी पुन्हा माळ्यावर नको. घरातल्या आतल्या खोलीत, भिंतीपासून चार बोटं दूर आणि जमिनीपासून वर ठेवावी, कारण उधई जमिनीतून आणि भिंतीतून येते.