वेलांटी आधी की नंतर?

सोमवार, रात्र

आज कॉम्प्युटरवर नव्या पद्धतीने मराठी टाइप करण्याचा अकरावा दिवस. एका पानाच्या परिपत्रकाला पाऊण तास लागला. शेजारच्या टेबलावरचा नवा मुलगा हळूच म्हणाला, "मॅडम, मी करून देऊ?" हसून नको म्हटलं, पण कान तापले. मिनिटाला 40 शब्दांची मराठी टायपिंग परीक्षा पास झालेली बाई मी, खडखडाटी टाइपरायटर मशीनवर!

जुन्या फॉन्टमधलं पत्र तालुक्याला मेल केलं की तिकडे अक्षरांचा चिवडा उघडतो. म्हणून आता युनिकोड, म्हणजे कुठेही तशीच उघडणारी अक्षरं, आणि ती टाइप करायला इन्स्क्रिप्ट ही कीबोर्डची मांडणी. मला पटलंय, बोटांना पटत नाही. डावीकडे काना-मात्रा, उजवीकडे व्यंजनं, हे दोन दिवसांत बसलं. घोडं अडतं वेलांटीपाशी. मशीनवर ऱ्हस्व वेलांटी आधी मारायची, मग तिच्या पोटात अक्षर. इथे अक्षर आधी, वेलांटी मागून. 'विनंती' लिहायला घेतलं की बोट सवयीने वेलांटीवर पडतं. पडद्यावर ठिपक्यांचं एक वर्तुळ उगवतं, त्याला चिकटलेली पोरकी वेलांटी, आणि पुढे नुसतंच 'वनंती'.

रफाराचं नेमकं उलट. पूर्वी ज मारून झाला की त्याच्या डोक्यावर रफार. आता आधी र, मग त्याचा पाय मोडायचा, मग ज. म्हणजे 'विनंती अर्ज' या दोनच शब्दांत दोन्ही खड्डे, आणि आमच्या टेबलावर दुसरं येतं काय! शिवाय मशीनवर अर्धे उमटणारे श, ण काना जोडून पूर्ण करायची जुनी खोड आहेच. सकाळी 'शहर'चं 'शाहर' झालं, 'कारण'चं 'कारणा'. साहेबांनी लाल पेनने गोल केला, बोलले काही नाहीत. बोलले असते तर बरं.

तो मुलगा म्हणतो, मोबाइलसारखं इंग्रजीत टाइप करा, मराठी आपोआप उमटतं. उमटत असेल. पण 'क' साठी 'के' शोधायचा? तेवढं नको.

संध्याकाळी जिना चढताना पहिल्या मजल्यावरची चिमुरडी दारात बसून घोकत होती. कला काना का, कला पहिली वेलांटी कि. मी पिशवी धरून तिथेच थांबले. आधी क, मग वेलांटी. अगं, मीही असंच घोकलं होतं की! उलटं शिकवलं ते मशीनने.

जेवताना ताटाशेजारी बोटं चालूच होती. व, वेलांटी, न, अनुस्वार...

"काय वाजवतेस?" ह्यांनी विचारलं.

"अर्ज," म्हटलं.