वन पॉइंट फोर चालेल का?

पुण्यात मी पीसी जुळवून देतो. मशीन हातात पडायच्या आत इंजिनिअरिंगची पोरं विचारतात, "दादा, ओव्हरक्लॉकला वन पॉइंट फोर व्होल्ट चालेल ना?" ओव्हरक्लॉक म्हणजे प्रोसेसर कंपनीने ठरवलेल्या वेगापेक्षा जास्त पळवणं. तुम्हीही तेच विचारलंत, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

नुसत्या आकड्याला मी हो म्हणत नाही. एएमडीच्या रायझन प्रोसेसरचंच घ्या. ३००० किंवा ५००० सीरिजचा प्रोसेसर स्टॉकवर, म्हणजे कंपनीच्या मूळ सेटिंगवर असताना हलक्या कामात १.४५ व्होल्टसुद्धा दिसतात. पोरं ते बघतात आणि म्हणतात, कंपनीच एवढं देते, मग आपण १.४ फिक्स केलं तर काय बिघडलं? अहो, ते १.४५ एखाद-दुसऱ्या कोअरला (प्रोसेसरमधल्या काम करणाऱ्या भागाला), करंट कमी असताना मिळतात. सगळे कोअर रेंडरला, म्हणजे व्हिडिओ तयार करण्याच्या जड कामाला जुंपले की चिप स्वतःहून व्होल्टेज उतरवते. आकडा फिक्स केलात की तिची ती सोयच काढून घेतलीत.

करंट आणि उष्णता एकत्र आली की आतल्या बारीक तारांमधले धातूचे अणू इलेक्ट्रॉनच्या रेट्याने सरकत जातात. हे इलेक्ट्रोमायग्रेशन. जेम्स ब्लॅक यांनी १९६० च्या दशकातच त्याचं गणित मांडलं: करंटची घनता आणि तापमान वाढलं की तारेचं आयुष्य घटतं. हे हळूहळू होतं, म्हणून चिप त्याच दिवशी जळत नाही आणि सगळ्यांना वाटतं, चाललं की!

माझ्याच मशीनवर मी सगळ्या कोअरना १.३८ देऊन व्हिडिओ रेंडर करायचो. दोन वर्षं तक्रार नाही. तिसऱ्या एप्रिलात, सदाशिव पेठेतल्या वरच्या मजल्यावर, स्लॅब तापलेला असताना रेंडर नव्वद टक्क्यांवर येऊन मशीन रीस्टार्ट झालं. डस्ट फिल्टर काढला तर रस्त्याच्या धुळीचा फेल्टसारखा थर. तो धुतला, प्रोसेसरवरची उष्णता वाहून नेणारी पेस्ट बदलली, तरी जुन्या सेटिंगवर ते पुन्हा कधी टिकलं नाही. १.४० दिले, चार महिने निघाले, मग तेही पुरेनात. फार वाईट वाटलं. चांगली चिप होती ती.

दुसऱ्याचा आकडा उचलू नका म्हणतो तो याचसाठी. एएमडीने २०२३ मध्ये रायझन ७००० साठी एसओसी व्होल्टेज (कोअरचं नव्हे, चिपमधल्या मेमरी कंट्रोलरसारख्या भागांचं) १.३ वर बांधलं. इंटेलने ऑगस्ट २०२४ च्या मायक्रोकोडमध्ये (प्रोसेसरच्या आतल्या सूचनांच्या अपडेटमध्ये) तेराव्या-चौदाव्या पिढीच्या प्रोसेसरची व्होल्टेजची मागणी १.५५ वर रोखली. दोन्ही आकडे खरे, पण चिप वेगळी आणि व्होल्टेजची लाइनही वेगळी.

गणितही बघा. त्याच क्लॉकला १.२५ चे १.३७५ केलेत, म्हणजे दहा टक्के वाढ, तर स्विचिंगची उष्णता २१ टक्क्यांनी वाढते, कारण ती व्होल्टेजच्या वर्गात जाते. एवढं करून हाती लागतात शंभर-दोनशे मेगाहर्ट्झ.

मी करतो ते असं: मशीन स्टॉकवर ठेवून मे महिन्यातल्या दुपारी, एसी बंद, सगळे कोअर तासभर पूर्ण लोडवर. तेव्हा चिप स्वतः जे व्होल्टेज घेते ते वहीत लिहितो. तीच माझी मर्यादा. तिच्या वर मी जात नाही, जमेल तेवढं खालीच येतो. लोड-लाइन कॅलिब्रेशन, म्हणजे लोडखाली पडणारं व्होल्टेज सावरणारी सेटिंग, शेवटच्या म्हणजे सगळ्यात जोरदार पायरीवर कधीच नाही. लोड सुटताना व्होल्टेज क्षणभर उसळतं आणि ते सॉफ्टवेअरला दिसतही नाही.

कोथरूडचा एक मुलगा मागच्या आठवड्यात १.४ फिक्स केलेलं मशीन घेऊन आला होता. त्याला १.२२ वर आणलं. रेंडरला अकरा सेकंद जास्त लागले, तापमान एकोणीस अंशांनी उतरलं. जाताना त्याने ते १.२२ स्वतःच्या हाताने लिहून घेतलं.